सांजघंटेचं शुद्धिपत्र

४ फेब्रुवारी

टपाल खात्याने आज माझ्या गुलाबाचा अपमान केला, आणि वर त्याला मागून गोंद लावून विकायला ठेवलं.

पाकिटं टाकायला गेले होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, नवीन तिकिटं आलीत, जुन्या गुलाबांची. देऊ?" मी तिची आजी नाही हे तिला सांगितलं आणि तिकिटं घेतली. चार जाती, चार तिकिटं. पहिल्या तिघांशी माझा परिचय नाही. चौथ्याखाली स्वच्छ छापलं आहे: सांजघंटा. आणि वर चित्र कसलं? गडद गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेलं, कोबीच्या गड्ड्यासारखं फूल. तेही मान खाली घालून. नापास झालेल्या मुलीसारखं!

सांजघंटा माझ्या फाटकाशी आहे. पांढरी, पाच पाकळ्यांची, झुपक्यांनी येणारी, ताठ मानेची. वसंतात एकदा फुलते आणि सगळी भिंत झाकून टाकते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या बागेच्या सिस्टरनी ही जात तयार केली. पुढे शाळा बंद झाली, बाग गेली, तेव्हा म्हाताऱ्या सिस्टरनी स्वतःच्या हाताने कलम बांधून एक रोप मला दिलं. जगात दुसरं नाही. (एक आहे. पण ते चोरीचं आहे आणि त्याविषयी लिहायची माझी इच्छा नाही.)

ह्यांना तिकीट दाखवलं. ह्यांनी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे की."

"चूक आहे."

"चूक छान आहे," म्हणाले आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरले.

सारी नोकरी मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधनाच्या टेबलावर काढली. माझ्या नजरेखालून मंत्र्यांची भाषणं गेली, रेल्वेची वेळापत्रकं गेली, कायदे गेले. चूक दिसली की माझ्या तळहाताला खाज सुटते. आज संध्याकाळपासून सुटली आहे.

६ फेब्रुवारी

टपाल खात्याला पत्र लिहिलं. मोजकं, सभ्य, जिथे बोचायला हवं तिथेच बोचणारं. मागण्या दोन: तिकीट मागे घ्या आणि शुद्धिपत्र काढा. मूळ झाड पाहायचं असल्यास घरी या, चहा मिळेल.

पाकिटावर पुलाच्या चित्राचं जुनं तिकीट लावलं. चुकीचा गुलाब डकवून चुकीची तक्रार करणाऱ्यांतली मी नव्हे.

१५ फेब्रुवारी

टपाल खात्याचे अधिकारी चक्क घरी आले. पन्नाशीचे, हातात फाईल, आणि प्रत्येक वाक्य असं बोलतात की जणू ते उमटवून पुढे सरकवत आहेत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव शिक्का ठेवलं. ह्यांना ते सांगितल्यापासून तेही त्यांना शिक्काच म्हणतात, त्यामुळे एक दिवस तोंडावर म्हणून बसतील अशी धास्ती आहे.

"आपल्या हरकतीची नोंद घेतली आहे."

"नोंद नको. तिकीट मागे घ्या."

"चित्रकार प्रत्यक्ष झाडासमोर बसून चित्र काढून आले आहेत. तशी नोंद आहे."

"कुठल्या झाडासमोर?"

त्यांनी फाईल उघडली आणि पत्ता वाचला. धाकटीचा पत्ता. माझ्या सख्ख्या बहिणीचा.

चोरीच्या मालाची चित्रं काढतात आता सरकारात! शिक्क्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हा कौटुंबिक भाग नोंदीत घेता येणार नाही." बिस्किटं मात्र तीन खाल्ली.

जाताना म्हणाले की हरकत लेखी असल्यामुळे तिचा निकाल लागेपर्यंत सांजघंटेचे सगळे कागद थांबतील. थांबू देत. मी तर म्हणते, गोठू देत.

१६ फेब्रुवारी

इच्छा नाही म्हटलं खरं, पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

शाळेत मला एकदाही शिक्षा झाली नाही. धाकटीला दर शनिवारी व्हायची. तास चालू असताना हसली म्हणून, मोजे वेगवेगळ्या रंगांचे घातले म्हणून, सिस्टरांची नक्कल केली म्हणून. शिक्षा म्हणजे बागेतलं तण उपटणं. त्या बागेत फक्त सिस्टर आणि शिक्षा झालेल्या मुली जात. त्यामुळे मी तिथे कधी पाऊल टाकलं नाही. वर्गाच्या खिडकीतून लांबून दिसायची तेवढी. चष्मा मला नंतर लागला.

तरी सिस्टरांनी रोप दिलं ते मला. धाकटी तेव्हा कुंडीतलं निवडुंगही मारून दाखवायची.

रोप लावल्यावर सुरुवातीला त्याला काही हडकुळ्या फांद्या आल्या. गुलाबी, जड फुलं, माना टाकलेल्या, पावसाची सर आली की चिखलात लोळणाऱ्या. बुडाशी दुसऱ्या फांद्या फुटल्या, त्या मात्र सरळ, हिरव्यागार, काम करणाऱ्या. मी शिस्तीची बाई. रडव्यांची छाटणी केली, कष्टाळूंना वाढवलं. दोन-तीन वर्षांत झाड असं सुधारलं की रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. वळण लावलं की झाडसुद्धा वळतं, फक्त कोणीतरी लावावं लागतं.

त्या सुमारास आम्ही दोघं प्रवासाला गेलो आणि झाडाला पाणी घालायला धाकटीला सांगितलं. परत येऊन पाहते तर शेवटची एक गुलाबी फांदी गायब. तिने कापून नेली आणि घरी डब्यात लावली. न विचारता! ती फांदी मी छाटणारच होते, तो प्रश्न नाही. प्रश्न विचारण्याचा आहे.

मी जाब विचारला तर म्हणाली, "ताई, तुला मान टाकणारं काही बघवतच नाही. म्हणून नेली."

हे माझ्याच घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून! त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. लग्नाकार्यात भेटलो तर शेजारच्या माणसाशी बोलतो, एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात.

२७ फेब्रुवारी

कळ्या धरल्या. पुढच्या आठवड्यात भिंत पांढरी होईल. शिक्क्यांचा फोन आला: वनस्पती उद्यानातल्या एक तज्ज्ञ बाई तपासणीला येणार आहेत. येऊ देत. मी झाडाचं बूड उकरून, पालापाचोळा काढून स्वच्छ करायला घेतलं. माणसं तपासायला येतात तेव्हा कान-नाक स्वच्छ असलेलं बरं.

मातीखाली एक वाळकी गाठ निघाली, किडक्या दाढेसारखी. सगळ्या हिरव्या फांद्या तिच्या खालून, मुळाजवळून निघालेल्या. गाठीतून काहीच नाही. दिसायला घाण म्हणून करवत आणायला वळले, तर हे कधी नव्हे ते खुर्चीतून उठून आले.

"राहू दे ती."

"का?"

"पाहुण्यांना दाखवू."

वाळकी लाकडं पाहुण्यांना दाखवायची कल्पना ह्यांच्याच डोक्यात येऊ शकते. पण ते खुर्चीतून उठले याचा मान राखून मी गाठ तशीच ठेवली.

५ मार्च

भिंत फुलली. पांढरी शुभ्र.

समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वास नाही का हो हिला? तिकिटाबरोबरच्या माहितीत लिहिलंय, संध्याकाळी वास येतो म्हणून." मी म्हटलं, वयोमानाने माझं नाक गेलं आहे आणि रस्त्यावरच्या धुराने तुमचं. त्या गेल्यावर ह्यांना विचारलं, "तुम्हाला येतो ना वास?"

हे फुलाजवळ गेले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "पानांचा येतो."

पाच वाजता अगदी नाक खुपसून उभी राहिले. सहाला पुन्हा. वारा उलट्या दिशेने होता.

७ मार्च

भाचीचा फोन. धाकटीची मुलगी.

"मावशी, आईला सांगू नकोस मी फोन केला."

"तुझ्या आईला मी काही सांगत असते का?"

"आमच्या गल्लीत नवीन गटाराचे पाइप घालतायत. येत्या शुक्रवारी मशीन येणार आणि समोरची भिंत पाडणार. गुलाब त्या भिंतीलाच आहे. वनस्पती उद्यानवाले झाड उचलून न्यायला तयार होते, खड्डासुद्धा खणून ठेवलाय त्यांनी. पण आता म्हणतात, हरकत आलीय, ही सांजघंटा आहे की नाही तेच ठरलेलं नाही, तोवर आम्हाला आत घेता येत नाही."

मी म्हटलं, "बरोबरच आहे त्यांचं."

"मावशी, ते एकच झाड आहे गं."

"एकच माझ्या फाटकाशी आहे."

भाची म्हणाली, "आई काही बोलत नाही. संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसते, बास." आणि फोन ठेवला.

चोरी केली नसती तर ही वेळ आली नसती, असं मी ह्यांना दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ह्यांनी रेडिओ मोठा केला.

१० मार्च

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

तज्ज्ञ बाई आल्या. चाळिशीच्या, पायात चिखलाचे बूट, पण दारात काढून ठेवले, त्यामुळे माझं मत चांगलं झालं. शिक्के बरोबर होते. मी बाईंना भिंत दाखवली. त्यांनी खरोखर कौतुक केलं. इतका निरोगी वेल वर्षानुवर्षं पाहिला नाही, म्हणाल्या.

"वेल?" मी म्हटलं. "सांजघंटा हे झुडूप आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच."

मग त्यांनी तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही प्रुफं तपासायच्या असं कळलं. हे मूळ प्रत समजा आणि झाड हे प्रूफ. एका देठावरची पानं ताडून बघता?"

माझ्यासमोर असं काही ठेवलं की मी ते करतेच. तिकिटावर एका देठाला पाच पानं. माझ्या झाडावर सात. दुसरा देठ घेतला, सात. तिसरा, नऊ. तिकिटावर काटे. माझ्या फांदीवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. माझ्या तळहाताला खाज सुटली, आणि प्रथमच मला ती नको होती.

बाई बुडाशी वाकल्या आणि त्यांनी त्या वाळक्या गाठीवर बोट ठेवलं. "सिस्टरांनी डोळा भरला, म्हणजे कलम बांधलं, ते इथे. नाजूक जात होती, म्हणून खाली दणकट जंगली गुलाबाचा खुंट घेतला. सगळे घेतात. खुंटाला फुटवे आले की ते काढायचे असतात, नाहीतर तो वरच्या कलमाचं अन्न खातो. इथे कलम मेलं. खुंट जगला."

"काढायचे ते फुटवे, आणि ठेवायची ती..." मी थांबले.

"मान टाकणारी," बाई हळूच म्हणाल्या. "फूल इतकं जड की देठ वाकतो. उलटं लटकतं, घंटेसारखं. म्हणून तर ते नाव."

शिक्के म्हणाले, "म्हणजे नोंद कशी घ्यायची?"

ह्यांनी त्यांना बिस्किटाची बशी दिली आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला नेलं. संसारात काही क्षण असे येतात की नवऱ्याची निवड चुकली नाही असं वाटतं.

ते सगळे गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"संशय होता."

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तू रोज सकाळी तिच्याशी बोलायचीस. मधे मी काय बोलणार?"

मी चुकले असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की मला फसवण्यात आलं. कोणी फसवलं त्याचा विचार चालू आहे.

११ मार्च

फसवणाऱ्याचा विचार संपवला. त्यात वेळ जातो आणि मशीन उद्याच, शुक्रवारी, येतं आहे.

दुपारी छाटणीची कात्री पिशवीत टाकली आणि बसने धाकटीच्या घरी गेले. गल्ली अर्धी खणलेली. तिच्या भिंतीवर चुन्याने मोठी फुली मारली होती. फुलीच्या वर झुडूप. मी थांबले. तिकिटात यातलं काही उतरलेलं नाही. लाजत उमललेली, गच्च, जड फुलं, एकूण एक खाली पाहणारी. आणि खालून वर पाहिलं की थेट तोंडावर. हे फूल उभ्या माणसासाठी केलेलं नाही. बागेत गुडघ्यांवर बसून तण उपटणाऱ्यासाठी केलं आहे.

दाराची कडी वाजवली.

"कोण?" आतून.

"मी."

"मी कोण?"

"तुझी ताई, दुसरं कोण!"

"ताई माझ्याशी बोलत नाही."

"आजही बोलत नाहीये. कात्री घेऊन आलेय."

दार उघडलं. केस पांढरे झाले आहेत तिचे, आणि मोजे आजही वेगवेगळ्या रंगांचे. माझ्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं.

"आता हीसुद्धा छाटणार?"

"उद्यानवाल्यांनी झाड उचललं आणि ते प्रवासात मेलं तर? फांद्या काढून लावायला हव्यात. आज. मी रात्रभर त्यावरचं पुस्तक वाचलंय."

"मी न वाचता लावली होती."

"ते दिसतंय."

ती हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "विचारून घ्यायची असते फांदी, ताई."

मला वाटतं हे वाक्य तिने कित्येक वर्षं घासूनपुसून ठेवलं असावं. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवलं असतं. मी विचारलं. शब्द पूर्ण उच्चारून, शाळेत उभं राहून बोलायचे तसं.

"घे," ती म्हणाली. "पण तू नको कापूस. तुझा हात चुकीच्या फांदीवर जातो."

कात्री तिने घेतली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या निवडून, फुलं खुडून, खालची पानं काढून माझ्या ओल्या फडक्यात एकेक देत गेली. खुडलेली फुलं मी ओच्यात घेतली. संध्याकाळ होत आली तसा वास सुटला. मध आणि मिरी एकत्र केल्यासारखा. माझं नाक अगदी ठीक आहे, ही नोंद इथे करून ठेवते.

"शनिवारी याच वासात बसायची मी," धाकटी म्हणाली. "तुला काय वाटलं, मी चुकून हसायचे तासाला?"

तिच्या घरूनच शिक्क्यांना फोन लावला. सांगितलं, हरकत मागे घेते, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, हरकत टपालाने आली आहे, माघारही टपालानेच यायला हवी. तशी ती आली की त्याच तासाला ते उद्यानाला कळवतील. आयुष्यात प्रथमच मला एका सरकारी माणसाचा काटेकोरपणा आवडला नाही. एरवी मी त्याला बढती दिली असती.

१२ मार्च

टपाल कचेरी उघडायच्या आधी दारात उभी होते. पत्र एका ओळीचं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान पत्र, आणि त्यात एकही विशेषण नाही. पर्समध्ये पुलाची तिकिटं होती. ती बाजूला सारली आणि सांजघंटा काढली. गोंदाची चव वाईट आहे, त्याबद्दल स्वतंत्र लिहीन.

पाकीट खिडकीतून आत दिलं. "हे तुमच्या आतल्या साहेबांना. टपालाने. आत्ता."

मुलीने पत्ता वाचला, मागच्या दाराकडे पाहिलं. "आजी, ते तर इथेच आत बसलेत."

"म्हणूनच लवकर पोचेल."

तिने ठसा उचलला.

"फुलावर नको," मी म्हटलं. "कोपऱ्यावर मार."

तिने ठसा हवेतच थांबवला आणि तिकिटाकडे वाकून पाहिलं. "हे फूल असं का काढलंय हो? सुकल्यासारखं?"

"सुकलेलं नाही. भरलेलं आहे," मी म्हटलं. "ते तसंच असतं."

तिने कोपऱ्यावर मारला, उठली आणि पाकीट मागच्या दारातून आत देऊन आली. आतून शिक्क्यांचा आवाज आला, "नोंद घेतली." पाठोपाठ टेलिफोनची तबकडी फिरल्याचा आवाज. दुपारी भाचीने कळवलं, उद्यानाची गाडी मशीनच्या आधी आली.

मी तिची आजी नाही हे सांगायचं राहून गेलं.

९ एप्रिल

उद्यानातलं झाड रुसून बसलं आहे, पण जिवंत आहे. शिक्क्यांनी मला तिकिटांचा एक संच भेट पाठवला. त्यात दुसऱ्या गुलाबाचे काटे वरच्या दिशेने वळलेले आहेत. गुलाबाचे काटे खाली वळतात. पत्राचा मसुदा तयार आहे.

पांढरी आहे तिथेच राहणार. मी तोडू देणार नाही. तिचा काय दोष? दुसरीला आधार म्हणून आणली आणि सगळं घर सांभाळत बसली. आता तिला खोटं नाव सांगत नाही, एवढंच. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ही सांजघंटेची थोरली.

आज सकाळी कुंडीतल्या एका फांदीला कोंब दिसला. तांबूस, वाकडा, बारीक. छाटायला हातात काही नव्हतं, कारण कात्री त्या दिवसापासून धाकटीकडेच राहिली आहे. ती म्हणते पाठवून देईन. मी म्हटलं, पोस्टात गहाळ होईल, मीच येते शनिवारी.